साडीगार्ड राहू दे

रविवार, ५ ऑक्टोबर

अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीत जिन्याखाली मोटरसायकल उभी होती. अंगावर विटकी चादर, चादरीवर मांजर. मांजराला उठवायला मालक आजोबांना दोन मिनिटं लागली, चादर काढायला अर्धं. खाली हिरो होंडा सीडी १००, १९९१ची, मरून टाकी, नंबर एमएच-०२. एकच मालक, तोही समोर उभा, धोतराच्या सोग्याने आरसा पुसत.

यामाहाची आरएक्स १०० घे, असा मुलाचा हट्ट होता. आरएक्सचा आवाज छान असतो हे खरं, पण तिच्या किमती आता लाखाच्या वर गेल्यात आणि घेतली की ती चोरीला जाईल म्हणून रात्री गॅलरीतून डोकावत बसायचं. मला एवढा जीव टांगणीला लावून घ्यायचा नाही. मला पार्ल्यातून दादरला फुलं आणायला जायचंय, शर्यतीला नाही.

आणि सीडी १०० मला ओळखीची आहे. लग्न झालं तेव्हा घरात हीच होती, काळी. २००७मध्ये चारचाकी आली आणि ती विकली. अकरा वर्षं मी तिच्यावर बसले, पण मागे आणि एका बाजूला. डावा पाय त्या लहानशा फूटबोर्डवर, उजव्याला आधार नाही, एक हात कॅरिअरला, मांडीवर पर्स, पर्सवर मुलगा. त्या गाडीची मागची सीट मला पाठ आहे. पुढे काय चालतं ते कधी बघितलंच नव्हतं. स्पीडोमीटर तर मला ह्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या, खांद्याआड दिसायचाच नाही.

आजोबांनी चोक ओढला, दोनदा रिकामी किक मारली, मग चावी फिरवून तिसरी. सुरू! आवाज म्हणाल तर शिवणयंत्राचा. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण किक मारताना गुडघा अजिबात वाकडा केला नाही. तिथेच मी ठरवलं. अठ्ठावीस हजार म्हणाले, मी पंचवीस म्हटलं, ते हसले आणि चहा टाकायला आत गेले. सव्वीसवर सौदा ठरला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

कागदपत्रं. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विमा, पीयूसी. गाडी, आजोबा आणि मी, सगळेच अंधेरी आरटीओच्याच हद्दीतले, त्यामुळे एनओसीची, म्हणजे ना-हरकत दाखल्याची, फेरी वाचली. चेसिस नंबरचा ठसा घ्यायचा होता. हँडलच्या मानेजवळ कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. लहानपणी चार आण्याचं नाणं वहीत उमटवायचो तसंच. तिसऱ्या प्रयत्नात आकडे उठले. एवढा आनंद झाला की तो कागद जोडायच्या आधी मी घरी सगळ्यांना दाखवला. कोणाला काही वाटलं नाही.

मुलगा मित्रांना सांगत सुटलाय की आईने विंटेज गाडी घेतली. कायद्याने ती विंटेज नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली लागते. मग नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. आणि एकदा विंटेज झाली की रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची. म्हणजे ती आमच्या काचेच्या कपाटातल्या चिनीमातीच्या कपांसारखी, पाहुणे आले तरी काढायची नाही. नकोच ते. माझी चौतीस वर्षांची आहे, नुसती जुनी. जुनीला भाजी आणायला जाता येतं.

जुनेपणाचे पैसे मात्र मोजावे लागतात. नोंदणी आधी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून पुढे. आजोबांनी एकदाही चुकवली नाही. आता मार्चमध्ये माझी पाळी. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलची नूतनीकरणाची फी २०२५पासून दोन हजार झालीये, शिवाय पर्यावरण कर. नवीन नंबरप्लेट वेगळी, जीएसटी धरून ५३१ रुपये.

रविवार, १२ ऑक्टोबर

काल-आजचा दिवस टाकीचा. गाडी जास्त करून उभीच असायची, त्यामुळे टाकीत आतून गंज. टॉर्च मारला तर तळाला चहाच्या चोथ्यासारखा थर. आमचा मिस्त्री सावंतवाडीकडचा, नेहरू रोडच्या मागच्या गल्लीत बसतो. तो म्हणाला, पेट्रोल आणि मूठभर नटबोल्ट घालून हलवू. मी म्हटलं, थांबा. ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूफूल घरात होतं. लिंबूफूल म्हणजे आम्लच, तांब्यापितळेची भांडी जशी चिंचेने निघतात तसा लोखंडाचा गंज याने सुटतो. टाकी उतरवली, गरम पाण्यात पाव किलो विरघळवून भरली आणि रात्रभर मोरीत ठेवली. सकाळी ओतलं तर पाणी विटकरी. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. वाळवायला हेअर ड्रायर. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते, म्हणून वाळल्या वाळल्या आत थोडं पेट्रोल आणि ऑइल फिरवलं. मिस्त्रीने बोट घालून बघितलं, बोट हुंगलं आणि फक्त “ढोकळो” म्हणाला. याला मी शाबासकी समजते.

पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटरही त्याने उघडला. मुठीएवढी वस्तू, पण आत पितळेचे जेट किती बारीक! सुईच्या नेढ्यासारखं भोक, त्यात एक कण अडकला की गाडी ठप्प. पेट्रोलची रबरी नळी आणि आतले वॉशर बदलले, कारण आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि हवेतलं पाणीही ओढून घेतं. म्हणून आठवडाभराच्या वर गाडी उभी ठेवायची नाही, ठेवलीच तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करायचा.

सामानाची मात्र काळजी नाही. १९८५च्या एप्रिलमध्ये धारूहेड्याच्या कारखान्यातून पहिली सीडी १०० बाहेर पडली आणि १९९४ला स्प्लेंडर आली ती याच ९७ सीसीच्या इंजिनाच्या घराण्यातली. त्यामुळे बरंचसं सामान कुठल्याही गल्लीत मिळतं. न मिळालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच.

जाताना मिस्त्री पाना घेऊन मागच्या चाकाकडे वळला. “ताय, ह्यो साडीगार्ड काढून टाकतंय. आता साडी कोण नेसता? गाडी बरी दिसात.”

चाकात पदर, ओढणी जाऊ नये म्हणून ती लोखंडी जाळी. नियमातही आहे, मागच्या माणसाला धरायला काहीतरी हवं आणि कपडे चाकात जाऊ नयेत. तरी हौशी मंडळी पहिली कुऱ्हाड तिच्यावरच चालवतात, गाडी सडपातळ दिसते म्हणून. अकरा वर्षं माझी पोटरी त्या जाळीला टेकलेली असायची. उन्हाळ्यात चटका बसायचा.

“राहू दे,” म्हटलं. “पिशवी अडकवायला होईल.”

मंगळवार, १४ ऑक्टोबर

कंपाउंडमध्ये बारा फेऱ्या. सगळे गिअर चवड्याने पुढे दाबायचे, उतरताना टाचेने मागे. चार वेळा बंद पडली, तीही तळमजल्यावरच्या काकांसमोरच.

बुधवार, २९ ऑक्टोबर

माझं लायसन्स विनागिअरचं, कायनेटिक स्कूटरच्या काळातलं. गिअरच्या गाडीसाठी शिकाऊ लायसन्स गाडी घ्यायच्या आधीच काढलं होतं, महिना भरला आणि आज चाचणी. इंग्रजी ८ काढायचा, पाय न टेकता. मराठी ८ काढायला सांगितला असता तर एका वळणात सुटले असते! रांगेत सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं. माझ्या पुढच्याने पाय टेकला आणि मागे वळून मला म्हणाला, “आंटी, आरामात.” पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच, नजर चाकाकडे नाही तर पुढच्या वळणाकडे, एवढंच मिस्त्रीने घोकून घेतलं होतं. निघाले. पास.

रविवार, १६ नोव्हेंबर

पहाटे साडेपाचला एकटीच दादरला फुलबाजारात.

एकतीस वर्षं पार्ले ते चर्चगेट लोकल केली. माझ्या डोक्यातली मुंबई म्हणजे पार्ले, सांताक्रूझ, खार, वांद्रे, माहीम अशी माळ. मणी ओळखीचे, मधला दोरा कधी बघितलाच नाही. खार रोड ते वांद्रे म्हणजे बसायला जागा मिळेल का याची चार मिनिटं. आज एस.व्ही. रोडने पस्तीसच्या वेगाने गेले तर मध्ये केवढं गाव आहे! बेकऱ्यांची भट्टी लागलेली, दूधवाले क्रेट उतरवतायत. सांताक्रूझ कुठे संपलं आणि खार कुठे लागलं ते कळलंच नाही, कारण फलाट नाही ना.

वांद्र्याला सी लिंककडे जाणारा फाटा आला. तिथे दुचाकीला बंदी, २००९पासूनच. कोस्टल रोडला बंदी, ईस्टर्न फ्रीवेला बंदी, जेजे उड्डाणपुलाला बंदी, अटल सेतूलाही. शहराने गेल्या पंचवीस वर्षांत जे जे नवं आणि मोठं बांधलं तिथे बहुतेक ठिकाणी माझी गाडी चालत नाही. मी डावीकडे राहून माहीमचा कॉजवे धरला. हा १८४५चा, लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशाने झालेला. टोल घ्यायचा नाही ही त्यांची अट होती म्हणतात. पुलावर खाडीचा तोच वास, लोकलमध्ये आम्ही सगळ्या जणी न बोलता एकदम पदर नाकाला लावायचो तो. हात मोकळा नव्हता, म्हणून घेतला श्वास. मेले नाही.

माहीमच्या चर्चसमोर मात्र गाडीने दोन आचके दिले आणि दम सोडला. मागून टॅक्सीचा हॉर्न. कडेला घेतली, चोक, किक, किक, किक, हेल्मेटमध्ये घाम. मेणबत्त्या विकणारा मुलगा शांतपणे आला, टाकीखाली हात घातला आणि कॉक रिझर्व्हवर, म्हणजे राखीव पेट्रोलवर, फिरवला. पहिल्या किकला सुरू. त्याच्याकडून दोन मेणबत्त्या घेतल्या. घेणं भागच होतं.

फुलबाजारात शेवंती, झेंडू, थोडी निशिगंधाची. पिशवी साडीगार्डला अडकवली. मापात बसली.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज हा मागे. नको नको म्हणत होता, मग हेल्मेट घालून स्वतःच खाली येऊन उभा राहिला. बसल्यावर पहिला प्रश्न, “धरू कुठे?”

“मागे कॅरिअर आहे.”

“पाय?”

“फूटरेस्ट उघड. तो डावीकडचा बोर्ड तुझा नाही.”

गजाली हॉटेलपर्यंत काही बोलला नाही. हनुमान रोडच्या वळणावर त्याचा हात कॅरिअर सोडून माझ्या खांद्यावर आला. मी बेचाळीसवर होते. स्पीडोमीटर मला स्वच्छ दिसत होता. “जरा हळू,” तो म्हणाला. हे वाक्य मी अकरा वर्षं त्याच्या पाठीला सांगितलं होतं आणि त्याला ते वाऱ्यात कधीच ऐकू गेलं नव्हतं. मलाही नाही गेलं.

घरी आल्यावर पँट झटकत म्हणाला, “त्या जाळीला पोटरी लागते. काढून टाक.”

पेट्रोल दोन लिटर. चेन कव्हर उघडून ऑइल घालायचं राहिलंय. मांजराला आजोबांच्या जिन्याखाली चादर पुन्हा टाकलीये का, ते फोन करून विचारायचं.