वसंतात बी रुजत नाही

आमच्या सोसायटीच्या आवारात चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी मी सकाळी योगासनांचा छोटासा वर्ग घेते. पहिल्या वर्षी वसंत ऋतूसाठी काही वेगळे करावे म्हणून मी एक छापील तक्ता विकत आणला होता. त्याप्रमाणे मुलांनी आधी वज्रासनात बसून कपाळ जमिनीला टेकवायचे, म्हणजे मातीतले बी व्हायचे. मग उकिडवे बसून हात जोडायचे, म्हणजे अंकुर व्हायचे. आणि शेवटी हात उंच करून उभे राहायचे, म्हणजे रोप व्हायचे. "वसंत आला, बी जागे झाले," असे मी मोठ्या उत्साहाने म्हणत असताना एक साडेपाच वर्षांचा मुलगा कपाळ टेकलेल्या अवस्थेतच म्हणाला, "ताई, बी तर पाऊस पडल्यावर रुजतं. आत्ता आमच्या आजोबांचं शेत नुसतं तापलंय."

त्याचे म्हणणे खरे होते. तो तक्ता जिथे तयार झाला असेल तिथे बर्फ वितळून जमीन वसंतात मोकळी होत असेल. आपल्याकडे पेरणी मृगाच्या पावसावर होते आणि चैत्रात नांगरलेली ढेकळे उन्हात भाजत पडलेली असतात. तेव्हापासून बी रुजण्याचा खेळ मी जूनमध्ये, पहिल्या चांगल्या सरीनंतर घेते, आणि वसंतातल्या वर्गासाठी तक्त्याकडे न पाहता आवारातल्या झाडांकडे पाहते.

आपला वसंत हा एकाच वेळी पानगळीचा आणि पालवीचा ऋतू आहे. आवाराच्या कोपऱ्यातल्या पिंपळाची जुनी पाने खराट्याने गोळा होत असतात आणि वर तांबूस, तुकतुकीत, जवळजवळ पारदर्शक अशी नवी पाने फुटलेली असतात. रस्त्यापलीकडची काटेसावर तर एकही पान अंगावर नसताना लाल फुलांनी भरून जाते. मुलांना हे दाखवावे लागते, कारण ती रोज त्याच झाडाखालून शाळेच्या रिक्षात बसतात आणि वर कधी पाहत नाहीत. म्हणून पहिले दोन दिवस मी एकही आसन शिकवत नाही. आम्ही फक्त झाडाखाली उताणे पडून वर पाहतो. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर वृक्षासन आपोआप येते. घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात या आसनाचे वर्णन एका श्लोकात आटोपले आहे: उजवे पाऊल डाव्या मांडीच्या मुळाशी ठेवावे आणि जमिनीवर झाडासारखे उभे राहावे. चार वर्षांच्या मुलाचे पाऊल मांडीपर्यंत पोहोचले तरी तिथे ठरत नाही. ते घोट्यावर टेकवून अंगठा जमिनीला लागलेला असला तरी चालते. गुडघ्याच्या सांध्यावर मात्र ठेवू देऊ नये. आमच्या खेळात निम्मी मुले काटेसावर होतात आणि उरलेली मैना, बुलबुल आणि कावळे. सावरीच्या फुलांत भरपूर मकरंद असल्यामुळे तिच्यावर पक्ष्यांची सकाळपासून गर्दी असते, तशीच ही मुले एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जातात आणि उंचावलेल्या ओंजळीला हात लावून "फूल" चाखतात. पक्षी येऊन जाईपर्यंत झाडाने तोल सांभाळायचा, एवढाच नियम. नुसते "हलू नका" म्हटले तर तीन अंकही मोजून होत नाहीत. कावळा आपल्याकडे येणार आहे असे कळले की तीच मुले श्वास रोखून दहापर्यंत उभी राहतात. श्वास रोखणे मला नको असते, म्हणून आता झाडांनी हलकेच "सळसळ" असा आवाज करत राहायचे असे ठरवले आहे.

श्वासाच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली होती, ती इथे सांगितलेली बरी. दुसऱ्या वर्षी काही पालकांच्या आग्रहावरून मी मुलांना कपालभाती करायला लावली. मुलांनी ती शर्यतीसारखी केली आणि एका मुलीला भोवळ येऊन तिला बसवावे लागले. त्या दिवसापासून इतक्या लहान मुलांच्या वर्गात जोरकस श्वसन आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, या दोन्हींना मी पूर्णपणे फाटा दिला आहे. त्याऐवजी आम्ही म्हातारी उडवतो. रुईची वाळलेली फळे उकलली की आतून रेशमी तंतूंचे बी बाहेर पडते, ज्याला मुले म्हातारी म्हणतात. ते तळहातावर घ्यायचे आणि इतक्या हळू फुंकायचे की म्हातारी थरथरेल पण उडणार नाही. उच्छ्वास लांब करण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. फळे मात्र मोठ्या माणसानेच आणावीत, कारण रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते; मुलांच्या हाती फक्त कोरडे तंतू द्यावेत.

भ्रामरी हा मुलांचा सर्वांत लाडका प्रकार आहे. हठप्रदीपिका या हठयोगाच्या दुसऱ्या ग्रंथात श्वास घेताना भुंग्याचा आणि सोडताना भुंगीचा नाद करावा असे म्हटले आहे; आम्ही फक्त सोडतानाचा गुंजारव ठेवला आहे. आंब्याचा मोहोर तोवर सरून कैऱ्या धरलेल्या असतात, त्यामुळे आमचे भुंगे कडुनिंबाच्या बारीक पांढऱ्या फुलांवर येतात. गालावर हात ठेवून कंप कुठे कुठे लागतो ते शोधायचे. एका मुलाला तो दातांत जाणवला आणि हलणाऱ्या दातात सर्वांत जास्त, हे त्याने सगळ्यांना तोंड उघडून दाखवले.

योगाभ्यासाचा आरंभ वसंतात किंवा शरदातच करावा, इतर ऋतूंत केल्यास रोग उद्भवतात, असे घेरंडसंहितेच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे आणि वसंत म्हणजे चैत्र व वैशाख हेही तिथेच स्पष्ट केले आहे. ग्रंथकाराच्या डोळ्यांसमोर दुधाचे दात पडणारी मुले नक्कीच नव्हती, पण आरंभाचा मुहूर्त मला सोयीचा वाटतो. म्हणून आमचा वर्ग पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आसनांच्या पहिल्या दिवशी मुले गुढी होतात: ताडासनात उभे राहायचे, डोक्यावर गडूऐवजी स्टीलची हलकी वाटी पालथी ठेवायची आणि सतरंजीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. पाठ ताठ करा असे एकदाही सांगावे लागत नाही, वाटी ते काम करते. वाट्या पडल्याचा खणखणाट मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो आणि त्याबद्दल मला दरवर्षी एकदा ऐकून घ्यावे लागते.

चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंतचा तो महिना दारात चैत्रांगण काढण्याचा. माझ्या आईला ते चिमटीने, एकही रेघ न पुसता काढता येत असे. माझ्या रेघा जाड येतात. तीन वर्षांपूर्वी शहाबादी फरशीवर सूर्य, चंद्र, कासव, नाग, कमळ आणि गोपद्मे काढत असताना माझ्या लक्षात आले की वर्गासाठी लागणारा सगळा आराखडा माझ्या चिमटीतूनच खाली पडतो आहे. आता मी ही चिन्हे हात-दीड हाताच्या अंतरावर, मोठ्या आकारात काढते. टाळी वाजली की प्रत्येकाने जवळच्या चिन्हापाशी थांबायचे आणि ते व्हायचे. नागापाशी पालथे झोपून भुजंगासन, आणि तेही कोपर जमिनीवर ठेवून, कारण मुले उत्साहाच्या भरात कंबर नको तितकी मोडतात. चंद्रापाशी उभे राहून एका बाजूला झुकायचे. सूर्यापाशी हात पसरून मोठे व्हायचे. कमळासाठी पद्मासनाचा हट्ट मी धरत नाही, साधी मांडी घालून मनगटे जुळवली आणि बोटे उमलवली की पुरे. कासवापाशी पाय पसरून बसायचे, गुडघे किंचित वाकवून हात त्यांच्या खालून बाहेर काढायचे आणि मान आत घ्यायची. हे शास्त्रशुद्ध कूर्मासन नव्हे, याची मला कल्पना आहे. गोपद्मांवरून टाचा उचलून चवड्यांवर चालायचे, म्हणजे रांगोळी कमी पुसली जाते. पण ती पुसली जातेच, आणि मला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे लागते.

सकाळी सातला सुरू झालेला वर्ग सव्वासातच्या थोडा पुढे गेला की मी शवासन घेते. एप्रिलमध्ये आठ वाजताच फरशीला चटका बसू लागतो आणि पुण्याचा पारा दुपारी चाळिशीला टेकतो, त्यामुळे लांबवण्यात अर्थ नाही. उताण्या पडलेल्या प्रत्येकाच्या पोटावर मी पिंपळाचे एक गळलेले पान ठेवते. पान वर जाते, खाली येते. जो हसतो त्याचे पान पडते, आणि एकाचे पडले की सगळ्यांची पडतात.

अक्षय्य तृतीयेला शेवटचा वर्ग झाल्यावर आंब्याची डाळ आणि पन्हे असते. गेल्या वर्षी मी आदल्या संध्याकाळीच फरशी धुवून टाकली होती, कारण आवारात कोणाच्या तरी घरच्या कार्याचा मांडव पडायचा होता. सकाळी मुले आली तेव्हा फरशी कोरी होती. साडेचार वर्षांची एक मुलगी, जी महिनाभर माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती, सरळ खांबापासून तिसऱ्या फरशीवर गेली, पाय पसरून बसली, हात गुडघ्यांखालून बाहेर काढले आणि मान आत घेतली. कासव रोज तिथेच असायचे.