गळती मोजण्याआधी

डिचोलीत कुणी विचारलं, "काय करतेस गं सध्या?" तर "जंतूंवर संशोधन" एवढं सांगून मी मोकळी होते. ते अर्धंच खरं आहे. पीएच.डी.चं पहिलं प्रकरण लिहून होत आलं, तरी एकही जिवंत जिवाणू अजून माझ्या हाताखालून गेलेला नाही. माझं काम त्याच्या पटलावर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणावर, आणि ते पटलही लॅबमध्ये तयार केलेलं, नकली. एमएस्सी फिजिक्स करून आल्यामुळे मला हे पथ्यावरच पडलं. जंतूंची लॅटिन नावं पाठ करायला लावली असती तर मी पहिल्या सहामाहीतच पळ काढला असता.

विषय असा की प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या रेणूंचं, म्हणजे लिपिडांचं, दुपदरी पटल असतं. जाडी 4 ते 5 नॅनोमीटर. त्याला भोकं पडली की पेशी संपली. हे जंतूंनाही ठाऊक आहे आणि आपल्या शरीरालाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अल्फा-हिमोलायसिन नावाचं विष सोडतो. त्याचे सात रेणू गोल करून आपल्या पेशीच्या पटलात आरपार नळी बसवतात. उलट बाजूने आपली त्वचा आणि पांढऱ्या पेशी एलएल-37 हा 37 अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड बाळगून असतात, तो जिवाणूचं पटल मोडतो. पण मग तो आपलंच पटल का मोडत नाही? उत्तराचा मोठा भाग विद्युत प्रभारात आहे. जिवाणूच्या पटलात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलसारखी ऋण प्रभाराची लिपिडं भरपूर असतात. आपल्या पेशींची बाहेरची बाजू मात्र जवळजवळ प्रभारशून्य, वर तिच्यात कोलेस्टेरॉल. पेप्टाइड धन प्रभाराचा, त्यामुळे तो कुठे ओढला जाणार हे उघड आहे. हे फिजिक्सवाल्याला पाच मिनिटांत पटतं. मोजून दाखवायला मात्र माझी वर्षं गेली.

घरी सगळ्यांचा समज होता की मी बेडूक पकडते. त्याला कारणही मीच. मायकेल झॅस्लॉफ या अमेरिकी संशोधकाची गोष्ट मी सगळ्यांना सांगत सुटले होते. आफ्रिकन बेडकांवर शस्त्रक्रिया करून तो त्यांना गढूळ पाण्याच्या टाकीत परत सोडायचा, तरी टाके कधी चिघळत नसत. ते का, हे शोधताना 1987 साली त्याला त्यांच्या कातडीत मॅगेनिन हा जंतू मारणारा पेप्टाइड सापडला. आपल्या पश्चिम घाटातल्या हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाच्या कातडीतून उरुमिन नावाचा पेप्टाइड मिळाला, तो फ्लूच्या एच-1 गटातल्या विषाणूंना नष्ट करतो, हे 2017 साली प्रसिद्ध झालं. हे ऐकल्यावर काका म्हणाले, "म्हणजे पावसात लोक टॉर्च घेऊन शेतात बेडूक धरायला जातात, त्यांच्याकडे औषधच असतं म्हण की!" काका, बेडूक धरणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि मी ज्यावर काम करते तो आमच्या गटाने आखलेला पेप्टाइड कुठल्याच बेडकातून आलेला नाही. यंत्रावर एकेक अमिनो आम्ल जोडत तो बनतो. ही पद्धत ब्रूस मेरिफिल्डने 1963 साली दाखवली आणि तिच्यासाठी त्याला 1984 चं नोबेल मिळालं. माझ्या हातात येते ती कुपीच्या तळाशी असलेली चिमूटभर पांढरी पूड, आणि तिच्याबरोबर येणारं बिल.

तर पेप्टाइड आला, लिपिडं आली. लिपिडं परदेशातून कोरड्या बर्फात येतात आणि वाटेत कुठे अडकली तर बर्फ उडून जातो. असा एक खोका आमच्या वाट्याला आला. तो कुणामुळे अडकला हा वाद अजून मिटलेला नाही, आपण पुढे जाऊ.

पटल बनवण्याची कृती कागदावर अगदी सोपी आहे. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळलेली लिपिडं काचेच्या सिरिंजने मोजून घ्यायची (प्लॅस्टिकचं टोक वापरलं तर क्लोरोफॉर्म त्यातलंच काहीबाही ओढून घेतो), गोल बुडाच्या चंबूत घालायची आणि नायट्रोजनच्या झोतात सुकवायची. पेज वाळल्यावर भांड्याला जसा पापुद्रा धरतो, तसा काचेला पातळ थर धरतो. तो रात्रभर निर्वातात ठेवायचा. मग त्यावर रंग मिसळलेलं बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, घालून हलवायचं की लिपिडं आपली आपण गुंडाळून पोकळ गोळे तयार होतात, त्यांना व्हेसिकल म्हणतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचं, कोमट पाण्यात वितळवायचं, असं अनेकदा. नायट्रोजनचा तो पिंप बाबांनी लॅबमध्ये पाहिला तेव्हा लगेच ओळखला. "हा तर आमच्या गुरांच्या दवाखान्यात असतो." बरोबर आहे, कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात.

यानंतरचा टप्पा माझ्या आवडीचा, एक्सट्रूडर. समोरासमोर दोन काचेच्या सिरिंज, मध्ये 100 नॅनोमीटर छिद्रांची पॉलिकार्बोनेटची चकती. एका सिरिंजमधलं द्रावण चकतीतून दुसरीत ढकलायचं, मग उलट. पहिल्या फेऱ्यांना अंगठा दुखतो. मोठे गोळे छिद्रांतून जायला तयार नसतात, आणि जोर केला तर चकती फाटते. फाटली हे डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं, कारण विरोध एकाएकी नाहीसा होतो. हळूहळू हात हलका होतो, आणि रंग नसलेला नमुना असेल तर दुधी पाणी निळसर झाक असलेलं, जवळजवळ पारदर्शक होतं. फेऱ्या नेहमी विषम, 11 किंवा 21. म्हणजे शेवटी नमुना पलीकडच्या सिरिंजमध्ये राहतो आणि न गेलेला गाळ अलीकडे. हे मला आमच्या टेक्निशियन भाऊंनी शिकवलं. त्यांचा शब्द आमच्या लॅबमध्ये शोधनिबंधाइतका चालतो.

रंग म्हणजे कॅल्सीन. तो पाण्यात सहजी विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब घालून त्याला वळवावं लागतं. 70 मिलिमोलर इतका दाट केला की गडद नारिंगी दिसतो आणि गंमत म्हणजे चमकत नाही, कारण रेणू इतके जवळ असतात की एकमेकांचा प्रकाश मारतात. गोळ्यातून बाहेर पडून पातळ झाला की मात्र हिरवा लखलखतो. म्हणजे चमक वाढली की गळती झाली. व्हेसिकलबाहेर उरलेला रंग काढायला सेफाडेक्सचा, म्हणजे सच्छिद्र जेलच्या बारीक मण्यांचा, स्तंभ लावतात. मोठी व्हेसिकलं आधी उतरतात, फिकट नारिंगी पट्टा, आणि मागून सुटा रंग हिरवापिवळा होत रेंगाळत येतो. दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा दिसली की त्या दिवशी चहा निवांत प्यायचा.

मग मी पेप्टाइड न घालता नुसती व्हेसिकलं फ्लुओरिमीटरमध्ये, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्रात, ठेवली, आणि ती आपली आपणच गळत होती.

माणसाच्या पेशीसारखं मिश्रण, म्हणजे पीओपीसी हे प्रभारशून्य लिपिड आणि कोलेस्टेरॉल, शांत बसायचं. जिवाणूसारखं मिश्रण, म्हणजे तीन भाग पीओपीई हे लिपिड आणि एक भाग पीओपीजी हे ऋण प्रभाराचं लिपिड, कधी शांत तर कधी तासाभरात सरळ वर चढणारी रेघ. जे पेप्टाइडशिवाय गळतं त्यावर पेप्टाइडचा परिणाम काय डोंबल मोजणार? आधी संशय आला दमटपणावर. गोव्याचा जुलै म्हणजे फ्रीझरमधून काढलेली कुपी उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला आली नाही तर आत दव धरणार. मग संशय बफरवर. आत दाट कॅल्सीन, बाहेर मीठ, दोन्हींचा परासरण दाब जुळला नाही तर गोळे फुगून फुटतात. तो नुसता हिशेबाने जुळवून चालत नाही, ऑस्मोमीटरवर मोजावा लागतो. ऑस्मोमीटर दुसऱ्या विभागात, त्याची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. दाब जुळला, गळती थोडी कमी झाली, थांबली नाही.

धागा सापडला तो वहीत. आमच्याकडे वीज गेली की जनरेटरवर उपकरणं चालतात, एसी चालत नाही. वीज गेल्याची नोंद मी नुसती वैतागून समासात करत असे. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वही चाळताना विचारलं, "लाइट नसेल त्या दिवशी तुझा कंट्रोल चांगला येतो, हे पाहिलंस का?" कंट्रोल म्हणजे पेप्टाइड न घातलेला नमुना. खरंच तसं होतं. पीओपीई 25 अंशांना घट्ट अवस्थेतून पातळ अवस्थेत जातं. पीओपीजी मिसळल्यावर हा बिंदू थोडा खाली सरकतो, म्हणजे बरोबर एसीच्या तापमानाजवळ. त्या बिंदूपाशी पटलात घट्ट आणि पातळ असे दोन्ही पट्टे शेजारी असतात, त्यांच्या सीमेवर रेणूंची वीण विसविशीत होते आणि तिथून रंग पाझरतो. मी नुसत्या व्हेसिकलांचं तापमान हळूहळू चढवत गळतीचा वेग काढला, तर विशीच्या आसपास तो उसळला आणि पुढे खाली बसला. तेव्हापासून सगळी मोजमापं 37 अंशांना, पाणी फिरणाऱ्या धारकात. एक्सट्रूडरही गरम ठोकळ्यावर. पहिल्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा आलेख तोच आहे, आणि त्यात पेप्टाइड नाहीच.

पेप्टाइडकडे वळल्यावर कामं भराभर झाली असं म्हणायला हरकत नाही. तुलनेसाठी मेलिटिन ठेवलं. मधमाशीच्या विषाचा सुकलेल्या वजनाने निम्मा भाग तेच असतं. 26 अमिनो आम्लांचा हा दांडगा कुठल्याच पटलाची भीड ठेवत नाही. दुसरीकडे मॅगेनिन, जो जिवाणूसारख्या पटलावर चालतो आणि कोलेस्टेरॉलच्या पटलाला फारसा शिवत नाही. आमच्या गटाने आखलेला पेप्टाइड या दोघांच्या मधला. दर वेळी शेवटी ट्रायटन एक्स-100 हे साबणासारखं रसायन घालून सगळी व्हेसिकलं फोडायची, ती चमक म्हणजे 100 टक्के, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण चांगल्या निबंधांतही ती गाळलेली दिसते. "अमुक मायक्रोमोलर पेप्टाइडने पटल फुटलं" या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. लिपिड किती होतं ते सांगा. 50 लिपिडांमागे एक पेप्टाइड आणि 500 मागे एक, या दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी आहेत. कमी प्रमाणात पेप्टाइड पटलावर आडवे पडून राहतात, ठरावीक प्रमाण ओलांडलं की उभे राहून भोकं पाडतात किंवा पटलाचा तुकडाच उचलतात. शिवाय पूड तोलून मिळालेलं वजन सगळं पेप्टाइडचं नसतं, त्यात क्षार आणि पाणीही येतं. म्हणून पेप्टाइडमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असेल तर ते किती प्रकाश शोषतं त्यावरून, 280 नॅनोमीटर तरंगलांबीला, संहती मोजायची.

नकली पटलावर कितीही छान निकाल आला तरी प्रश्न येतोच, खऱ्या रक्तपेशींचं काय? त्यासाठी माणसाचं रक्त, आणि रक्तासाठी नीतिमत्ता समिती. अर्ज जाडजूड होता. माहितीपत्रक आणि संमतीपत्र कोकणी, मराठी आणि इंग्रजी तिन्हीत. मराठीतलं मी लिहिलं, ते शोधनिबंध लिहिण्यापेक्षा अवघड गेलं. समितीत डॉक्टर, वकील असतात तसे सामान्य नागरिकांचे प्रतिनिधीही असतात. आमच्या समितीतल्या अशा एका निवृत्त शिक्षिकांनी दोन प्रश्न विचारले. "तुमच्याच लॅबच्या मुलांनी रक्त दिलं, तर ते मॅडमना नाही म्हणू शकतील का?" आणि "उरलेलं रक्त कुठे जाणार?" पहिल्या प्रश्नामुळे आमच्या गटातल्या कुणाचंही रक्त घ्यायचं नाही असं ठरलं. दुसऱ्यामुळे कचऱ्याची पिवळी पिशवी, लाल पिशवी आणि जंतुनाशक हायपोक्लोराइट यांचं एक अख्खं पान अर्जात वाढलं. तासभर शास्त्रीय चर्चा झाली, पण आराखडा खरा बदलला तो बाईंनी.

प्रयोग त्यामानाने साधा. लाल पेशी धुवायच्या, पेप्टाइडबरोबर 37 अंशांना तासभर ठेवायच्या, मग यंत्रात जोरात फिरवून तळाशी बसवायच्या. वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर पेशी शाबूत, लाल झालं तर हिमोग्लोबिन बाहेर आलं, ते 540 नॅनोमीटरला मोजायचं. मेलिटिनची नळी चेरीच्या सरबतासारखी लाल झाली. आमच्या पेप्टाइडची कमी मात्रेला स्वच्छ, जास्त मात्रेला गुलाबी. गुलाबी म्हणजे औषधाच्या दृष्टीने नापास. त्याचं मला फार दुःख नाही. मॅगेनिनपासून बनवलेलं पेक्सिगनान मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी बरंच पुढे गेलं होतं, तरी 1999 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली नाही. पटल फोडणं आणि औषध होणं यांत बरंच अंतर आहे, आणि माझा प्रबंध पहिल्यापुरता आहे.

प्रगती सेमिनारमध्ये बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळा वेळ त्या बिनपेप्टाइडच्या आलेखावरच घालवला आणि पुढचं प्रकरण सुरू करायला हिरवा कंदील दिला. आता बाजू उलटी, अल्फा-हिमोलायसिन आणि कोलेस्टेरॉलचं पटल. विष तयार करायचं म्हणजे जैवसुरक्षा समितीचा वेगळा अर्ज. तो भरून दिला आहे. बैठक गणेश चवथीनंतर होईल असं कार्यालयातून कळलं. चवथीनंतर म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही, गोव्यात तो प्रश्न कुणी विचारत नाही.