तांबोशीपुढे टिकणारी गाठ

तांबोशी मासा आमिष घेतो आणि त्याच झटक्यात खडकाच्या कपारीकडे पळतो. त्याला तिथं पोहोचू द्यायचं नाही, म्हणून ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट ठेवावा लागतो. मग सगळा ताण येतो गळाच्या नेढ्याजवळच्या अर्ध्या इंचावर. 0.40 मिमीचं चांगलं तंगूस (नायलॉनचा दोरा) साधारण 10 किलोचा ताण सोसतं, पण त्याला साधी निरगाठ मारली तर त्यातली जवळपास निम्मी ताकद तिथंच जाते.

गाठींचे प्रकार पुष्कळ आहेत. खाडीत आणि खडकावर गरवणाऱ्यानं युनी नॉट नीट शिकावी, तेवढ्यावर बहुतेक कामं होतात. दोरा नेढ्यातून ओवून वीतभर टोक पलीकडे काढा आणि मूळ दोऱ्याला समांतर धरा. आता टोक गळाकडे वळवून एक फास करा. त्या फासातून टोक दोन्ही दोऱ्यांभोवती गुंडाळत न्या. 0.40 मिमीपर्यंत 5 वेढे, 0.50 च्या पुढे 4, आणि 0.70 च्या वर 3 पुरे. जाड तंगुसाला जास्त वेढे दिले तर ते आवळतच नाहीत, वरून गाठ घट्ट दिसते आणि आत सैल राहते.

आता टोक हळू ओढून वेढे एकाशेजारी एक बसवा. इथं घाई नको. एक वेढा दुसऱ्यावर चढला की ताण आल्यावर तो खालच्या वेढ्याला कापतो. मग गाठ थुंकीनं किंवा पाण्यानं भिजवा आणि मूळ दोरा ओढून ती नेढ्यापर्यंत सरकवा. कोरडं तंगूस घासलं की तापतं, तापलं की त्याचा पृष्ठभाग खरवडतो, आणि ते सहसा नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. शेवटी टोक पकडीनं ओढून गाठ पक्की करा आणि 3 मिमी टोक ठेवून कापा.

ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोरा, त्याची गोष्ट वेगळी. तो पॉलिथिलीनचा, गुळगुळीत, म्हणून गाठीतून घसरतो. त्याला 8 वेढे लागतात, आणि नेढ्यातून दोनदा ओवला तर आणखी बरं. टोक काडीनं जाळू नका. ब्रेड सुमारे 145 अंश सेल्सिअसला वितळतो, आच गाठीपर्यंत पोहोचायला क्षण लागत नाही.

ब्रेडला तंगुसाचा लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा, जोडायलाही हीच गाठ, दोन्ही बाजूंनी: ब्रेडचे 8 वेढे, तंगुसाचे 4. दोन्ही गाठी आधी वेगवेगळ्या आवळा, भिजवा, मग मूळ दोरे ओढून एकमेकींना भिडवा. लीडर 0.60 च्या वर गेला की ही जोडगाठ रॉडच्या कड्यांत अडकते, तेव्हा एफजी नावाची गाठ शिकायला हवी. तिच्यात लीडरला गाठच नसते, ब्रेड त्याच्यावर आलटून पालटून विणला जातो. विणताना ब्रेडचा ताण क्षणभरही सुटता कामा नये.

नेढं नसलेल्या, चपट्या शेपटीच्या गळाला हीच युनी दांड्यावर बांधा, 6-7 वेढ्यांची. मूळ दोरा गळाच्या टोकाच्या बाजूनं बाहेर यायला हवा. पाठीमागून आला तर चपट्या भागाची कड त्याला कापते.

मासा तुटून गेला तर हातात उरलेलं टोक आधी बघा. डुकराच्या शेपटीसारखी वळी पडली असेल तर गाठ घसरली. वेढे कमी होते किंवा आवळणं कच्चं होतं. सरळ तुटलं असेल तर गाठीतच दोरा कापला गेला, म्हणजे वेढे एकमेकांवर चढले किंवा कोरडी गाठ ओढली. आणि टोक पिंजल्यासारखं, खरबरीत असेल तर दोष गाठीचा नाही, खडकावरच्या धारदार कालवांचा. त्यासाठी प्रत्येक माशानंतर शेवटचं मीटरभर तंगूस नखांमधून ओढून बघावं. जरा जरी खरखर लागली तरी तेवढा तुकडा कापून गळ पुन्हा बांधावा, मासे लागत असले तरीही.