पहिला घोट, आणि मास्तर म्हणाले, “पट्टी”

माझ्या पहिल्यावहिल्या बिअरचा घोट घेऊन मास्तरांनी ग्लास खाली ठेवला, छताकडे बघत जरा जीभ फिरवली आणि म्हणाले, “पट्टी.”

मला वाटलं, माझ्या बोटाला काहीतरी लागलंय. मी बोट बघितलंसुद्धा. मग शेजारच्या बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि मान डोलावली. “हो, जखमेवर लावायची चिकटपट्टी. अगदी नवीन पाकीट उघडल्यासारखी.” तीन आठवडे जिवापाड जपलेल्या बाटल्या, आणि हा निकाल!

हे मास्तर म्हणजे आमच्या क्लबातले निवृत्त रसायनशास्त्राचे शिक्षक. इकडे सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझी जीभ अजून वळत नाही, म्हणून मनातल्या मनात ते मास्तरच. घरी बिअर बनवणाऱ्यांचा हा क्लब महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमतो. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या आग्रहाने मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, गप्पा होतील, चार घोट होतील. हातात आधी ब्रश आला. निम्मा दिवस भांडी, नळ्या आणि बाटल्या धुण्यात गेला. नुसतं धुऊन भागत नाही, वर जंतुनाशकही फिरवायचं. त्या पाण्याला फेस येतो आणि तो तसाच राहू द्यायचा. माझ्यासारखी बाई तो खळखळून धुवायला निघाली, तर तिघं एकदम ओरडले.

मग खरं काम. दळलेलं बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ६६ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचं. याला मॅश म्हणतात. माल्टमधली एन्झाइम्स धान्यातल्या स्टार्चची साखर करतात. तापमान ६३-६४ला ठेवलं तर यीस्टला, म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल करणाऱ्या बुरशीला, खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी, हलकी लागते. ६९ला गेलं तर तोंडात भरल्यासारखी, किंचित गोडसर. चार-पाच अंशांवर इतकं अवलंबून! शेवटी मास्तरांनी पांढऱ्या बशीत त्यातलं चमचाभर पाणी घेतलं आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला. तो काळानिळा पडला असता तर स्टार्च अजून शिल्लक आहे असं समजायचं. तपकिरीच राहिला. शाळेत बटाट्यावर केलेला तोच प्रयोग, पण तेव्हा त्याचा इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.

गाळून निघतो तो गोड रस म्हणजे वर्ट. तो तासभर उकळायचा. हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, सुरुवातीला टाकले तर कडूपणा उतरतो, शेवटच्या पाच मिनिटांत टाकले तर वास राहतो. उकळी फुटताना पातेल्यापासून हलायचं नाही, हे मला तोंडी सांगितलं होतं. मी हलले. गॅरेजची फरशी अजून त्या कोपऱ्यात चिकट आहे.

मी भारतातली आहे म्हटल्यावर आयपीएचा, म्हणजे ‘इंडिया पेल एल’ या कडवट बिअरचा विषय निघायचाच. त्या नावातला पहिला शब्द ‘इंडिया’ असल्यामुळे मला त्यातलं सगळं ठाऊक असणार, असं प्रत्येक नव्या सभासदाला वाटतं. वर ते ठरलेली गोष्टही ऐकवतात, की जहाजाच्या लांब प्रवासात बिअर नासायची, म्हणून कुणा इंग्रजाने खास भारतासाठी भरपूर हॉप्सची बिअर शोधून काढली. क्लबात बसून मला कळलं ते वेगळंच. गरम देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत, हे आधीपासून माहीत होतं. लंडनच्या हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीच्या उधारीवर माल द्यायचा. धंदा चालला तो त्यामुळे. पोर्टर नावाची काळी बिअरही भारतात जायची आणि ती काही वाटेत नासत नव्हती. पुढे १८२०च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या ब्रुअरींनी हा बाजार ओढून घेतला. तिथल्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा धारदार लागतो. आता मी ही गोष्ट इतक्या ठसक्यात सांगते, की लोकांना वाटतं घरात परंपरेने चालत आलीय.

पाण्याचं हे बर्टनपुराण सांगताना माझ्याच नळाच्या पाण्याकडे माझं लक्ष नव्हतं. पट्टीचा वास तिथूनच आला होता. पाणी शुद्ध करायला घातलेलं क्लोरीन माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉल्सशी जुळलं, की क्लोरोफिनॉल्स तयार होतात. अब्जात काही भाग असले तरी नाकाला कळतात. “पण मी तासभर उकळलं होतं की,” मी म्हटलं. मास्तर खूश झाले, विद्यार्थ्याने हवी ती चूक केल्यावर शिक्षक होतात तसे. क्लोरीन उकळून उडून जातं. आमच्या गावच्या पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग असतं आणि ते सहजी जात नाही. उपाय काय, तर मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी चुरून पाण्यात टाकायची, काही मिनिटांत काम होतं. तीन आठवडे आणि वीस लिटर बिअर, अर्ध्या गोळीसाठी.

पुढच्या बैठकीत त्यांनी मुद्दाम दोषांची चव घ्यायला लावली. एकाच साध्या बिअरमध्ये वेगवेगळे अर्क मिसळलेले, सहा ग्लास. हिरवं सफरचंद लागलं तर बिअर कच्ची राहिली. ओला पुठ्ठा लागला तर हवा लागली. उकडलेला मका लागला तर उकळणं कमी पडलं. पारदर्शक बाटलीत उन्हात ठेवलेली एक बिअर होती, तिला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र वास. हॉप्समधल्या द्रव्यांवर प्रकाश पडला की असं होतं, म्हणून तर बाटल्या तपकिरी. गंमत म्हणजे लवंगेसारखा वास इतर बिअरमध्ये दोष, पण जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तोच हवा असतो. त्या संध्याकाळनंतर मला साधी बिअर निमूटपणे पिताच येत नाही. नवऱ्याची तक्रार आहे, की मी आता ग्लास घेऊन परीक्षेला बसते.

दुसरी खेप मी गोळी टाकून केली. सुरुवातीला हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजणारी नळी, १.०५० दाखवत होता; साखर संपत जाते तसा हा आकडा उतरतो. यीस्ट टाकल्यावर रात्रभर कपाटातून एअरलॉकची, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणाची, बुडबुड ऐकू येत होती. आठव्या दिवशी आकडा १.०१२ झाला, म्हणजे साधारण पाच टक्के अल्कोहोल. बुडबुड थांबली होती, मला घाई होती. बाटलीत फेस धरावा म्हणून वीस लिटरला सव्वाशे ग्रॅम साखर मोजून घातली आणि बाटल्या भरल्या. ही साखर जास्त झाली तर बाटल्या फुटतात, म्हणून तीनदा वजन केलं.

मास्तरांनी घोट घेतला. पुन्हा छताकडे बघितलं. पट्टी गेली होती, ते त्यांनी कबूल केलं.

“लोणी,” ते म्हणाले.

डायअसेटिल, आंबताना यीस्टमुळे तयार होणारं लोण्याच्या वासाचं द्रव्य. आंबणं संपत आलं की यीस्ट ते स्वतःच परत खाऊन टाकतं, पण त्याला अजून दोन-तीन दिवस उबेत निवांत सोडावं लागतं. तिसरी खेप सध्या कपाटात आहे. काल आकडा १.०११ होता, आजही १.०११. बाटल्या धुऊन ठेवल्यात. रविवारपर्यंत त्या कपाटाला हात लावणार नाही.