बुजू बांटनचा 'टिल शायलो' सलग ऐका, प्लीज

'टिल शायलो'बद्दल जिथे वाचावं तिथे एकच स्टोरी, की जमैकन गायक बुजू बांटन आधी डान्सहॉलचा (रेगेतूनच निघालेलं जमैकातलं नाचाचं संगीत) वाह्यात पोरगा होता, मग रास्ताफारी (आफ्रिकेला आपलं मूळ मानणारा जमैकातला धर्मपंथ) झाला, जटा वाढवल्या आणि १९९५ मध्ये हा अल्बम काढून एकदम संत झाला. स्टोरी खोटी नाहीये पण अर्धीच आहे, आणि अल्बम नीट ऐकला ना की उरलेली अर्धी आपोआप कळते.

पहिल्या पाच ट्रॅकचा क्रमच बघा. छोटासा इंट्रो, मग 'टिल आयम लेड टू रेस्ट', त्यात न्याबिंगीचे, म्हणजे रास्ताफारींच्या धार्मिक संगीतातले, ढोल आणि आफ्रिकेची ओढ, मग 'मर्डरर'. हे गाणं हवेतून आलेलं नाही, त्याचा मित्र पॅनहेड १९९३ मध्ये गोळीबारात गेला, त्याच वर्षी डर्ट्समनही गेला, दोघंही डान्सहॉलवालेच, आणि बुजू त्या रागातून थेट खुन्याला जाब विचारतो. आणि याच्यानंतर लगेच काय, तर 'चॅम्पियन'! फुल डान्सहॉल, छाती फुगवून, पोरीला इम्प्रेस करायला गायलेलं. आणि त्याच्या पाठोपाठ 'अनटोल्ड स्टोरीज', जवळजवळ नुसती गिटार आणि तो खरखरीत आवाज, गरिबाचं जगणं कसं महागलंय ते सांगणारा. या गाण्याची तुलना लोक बॉब मार्लीच्या 'रिडेम्प्शन साँग'शी करतात आणि मला ती अजिबात जास्त वाटत नाही.

म्हणजे जुना बुजू कुठेही गेलेला नाही, तोच घसा, तोच माज, फक्त आता त्याच्याकडे सांगायला खूप काही आहे. आणि वय काय, तर जेमतेम २२!! 'कम्प्लेंट'मध्ये सोबत रेगे गायक गार्नेट सिल्क आहे, तो १९९४ च्या डिसेंबरमध्येच आगीत गेला होता, अल्बम आला तेव्हा तो या जगात नव्हता, त्यामुळे ते गाणं मला शांतपणे ऐकताच येत नाही.

१९९२ च्या 'बूम बाय बाय'बद्दल बोलल्याशिवाय बुजूवर लिहिणं बरोबर नाही. त्यात समलैंगिक माणसांना मारायची भाषा आहे, तिचं समर्थन होऊच शकत नाही, ते गाणं त्याने आपल्या कॅटलॉगमधून काढलं ते थेट २०१९ मध्ये. बाहेरच्या देशांत त्याचं नाव निघालं की आधी तेच निघायचं, आणि माझ्या मते त्यामुळेच हा अल्बम रेगेवाल्यांच्या बाहेर जेवढा पोचायला हवा होता तेवढा पोचला नाही. अमेरिकेत गोल्ड झाला, म्हणजे विक्रीचं सर्टिफिकेट मिळालं, पण कितीतरी वर्षांनी. जमैकात मात्र कॉन्शस डान्सहॉलची, म्हणजे समाज आणि श्रद्धेबद्दल बोलणाऱ्या डान्सहॉलची, जी लाट तेव्हा उठली तिच्यात केपल्टन आणि सिझला या गायकांच्या जोडीला या अल्बमचं नाव घेतात ते उगाच नाही.

शेवटचे काही ट्रॅक थोडे लांबतात हे मान्य, १६ ट्रॅक जरा जास्तच आहेत. पण पहिल्यांदा ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा, आणि 'मर्डरर' संपल्यावर 'चॅम्पियन' स्किप करू नका.