रस्त्याच्या मधोमध

मुंबईत बावीस वर्षे नोकरी केल्यावर माणसाला शहराची थोडीफार माहिती झालेली असते, असा एक समज आहे आणि तो माझाही होता. रोज सकाळी डोंबिवलीहून फास्ट गाडी पकडून सीएसएमटीला उतरायचे, हुतात्मा चौकावरून महात्मा गांधी रस्त्याला लागायचे, काळा घोडा मागे टाकून लायन गेटच्या बाजूला असलेल्या कचेरीत पोहोचायचे आणि हजेरीच्या यंत्रावर वेळेत अंगठा टेकवायचा, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की वाटेत पाय आपले आपण वळतात आणि डोके त्या वेळात घराचे हप्ते व सोसायटीची थकबाकी यांचा हिशेब करत राहते. त्यामुळे एका लग्नासाठी साताऱ्याहून आलेल्या अकरा वर्षांच्या भाचीने काळा घोडा कला महोत्सव पाहायचाच असा हट्ट धरला, तेव्हा सुट्टीच्या दिवशीही पुन्हा तीच वाट तुडवायची या कल्पनेनेच मला थकवा आला. ‘मामा, तू तर रोज तिथूनच जातोस, म्हणजे तुला सगळं माहीतच असेल,’ असे म्हणून तिने माझी सुटकेची वाटही बंद केली.

फेब्रुवारीतला तो रविवार महोत्सवाचा शेवटचा दिवस होता, म्हणजे नऊ दिवसांतला गर्दीच्या दृष्टीने सर्वांत अवघड दिवस. मेगाब्लॉक गृहीत धरून आम्ही लवकर निघालो, तरी पोहोचेपर्यंत ऊन उतरू लागले होते. एरवी मोटारी, टॅक्सी आणि मालाच्या हातगाड्या यांच्यामधून अंग चोरत जो रस्ता मी ओलांडतो, तो वाहनांना बंद होता आणि त्याच्या मधोमध माणसे नुसती उभी होती. ती कुठे जात नव्हती, कशाची वाट पाहत नव्हती, रांगेतही नव्हती. मी सवयीने कडेकडेने चालू लागलो, तेव्हा भाचीने हात ओढून विचारले, ‘अरे मामा, मोकळा रस्ता सोडून गटाराच्या कडेने का चालतोस?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शहर माणसाला चालायला शिकवते. समोरून येणाऱ्याचा खांदा कोणत्या बाजूला वळेल याचा अंदाज घ्यायला, फेरीवाल्याचे कापड न तुडवता त्याच्या कडेने निसटायला, जिन्यावर मागच्याची पावले ऐकून आपला वेग ठरवायला शिकवते. थांबायचे मात्र ते शिकवत नाही, उलट थांबणाऱ्याला शिक्षा करते. सीएसएमटीच्या फलाटावर सकाळी साडेनऊला बुटाची नाडी बांधायला वाकून पाहावे, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

गर्दीविषयीही माझी समजूत त्या दिवशी जरा हलली. गर्दी ती गर्दीच, असे मी धरून चाललो होतो. पण लोकलच्या डब्यातल्या गर्दीला एक दिशा असते. सगळ्यांना कुठेतरी उतरायचे असते, आणि छातीला छाती लागलेली असतानाही प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे, पंख्याकडे किंवा जाहिरातीकडे लागलेली असते. इतक्या जवळून एकमेकांकडे पाहणे असभ्यपणाचे ठरेल हे कोणी न सांगता सर्वांनी मान्य केलेले आहे. काळा घोड्याच्या गर्दीला दिशाच नव्हती. तिथे माणसे एकमेकांकडे सरळ पाहत होती, एकमेकांच्या केसांतली फुले आणि झगमगीत जॅकेटे न्याहाळत होती आणि ‘जरा आमचा एक फोटो काढता का’ म्हणून अनोळखी माणसाच्या हातात बिनदिक्कत मोबाइल देत होती. यातले निम्मे लोक सकाळी माझ्याच डब्यात असतील, आणि तिथे चौथ्या सीटवर दोन इंच सरकायला सांगितले तर माझ्याशी भांडतीलही. (मीही भांडतो.)

या जागेचे नाव काळा घोडा का पडले, हे मात्र मला सांगता आले आणि मामाची अब्रू थोडी सावरली. पुढे सातवा एडवर्ड म्हणून राज्यावर आलेला इंग्लंडचा युवराज १८७५ साली मुंबईत आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो या चौकात उभा राहिला. लोकांनी युवराजाकडे फारसे लक्ष दिले नाही. वरचा माणूस सोडून खालच्या जनावराच्या नावाने त्यांनी जागेला हाक मारायला सुरुवात केली, यात मला या शहराचा एक शहाणपणा दिसतो. १९६५ मध्ये तो पुतळा उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवण्यात आला. मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे मोटारी उभ्या राहू लागल्या, पण नाव जागचे हलले नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोक ‘काळ्या घोड्यापाशी भेटू’ म्हणत राहिले आणि जिथे घोडा नाही तिथे बिनचूक भेटत राहिले. गेट नसलेले चर्चगेट आणि तलाव नसलेला धोबीतलाव ज्या शहरात पत्ता म्हणून चालतो, तिथे हे कोणाला खटकण्याचे कारणही नव्हते. २०१७ मध्ये मग तिथे नवा काळा घोडा आला. त्याच्या पाठीवर कोणी नाही.

‘मग आता याच्यावर कोण बसणार?’ भाचीने विचारले. कोणीच बसणार नाही, असे सांगितल्यावर तिला ते पटले आणि आवडलेही. साताऱ्यात तिने पाहिलेल्या सगळ्या घोड्यांवर कोणी ना कोणी बसलेले आहे.

ज्या रस्त्यावर हा सगळा मेळा भरतो त्याचे आजचे नाव के. दुभाष मार्ग, पण जुने लोक त्याला रॅम्पार्ट रो म्हणतात, कारण मुंबईच्या किल्ल्याचा तट या बाजूने जात होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तो तट पाडला गेला, खंदक बुजवले गेले आणि कोंदटलेल्या वस्तीला बाहेर पडायला वाट मिळाली. हे मी भाचीला सांगायला लागलो, पण तोवर तिचे लक्ष एका मांडणीशिल्पाकडे गेले होते. महोत्सव १९९९ पासून भरतो आणि दर वर्षी घोड्याचे नवनवे अवतार पाहायला मिळतात, असे मी कचेरीतल्या तरुण मंडळींकडून ऐकून होतो. आता समोर जो उभा होता तो जुन्या चाव्यांनी अंगभर मढवलेला होता.

त्या चाव्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. लांबून ते चिलखत वाटत होते. जवळ गेल्यावर एकेक चावी वेगळी दिसू लागली. पितळेच्या, लोखंडाच्या, गोदरेजच्या कपाटाच्या चपट्या, पत्र्याच्या ट्रंकेच्या चिमुकल्या, आणि मध्येच वीतभर लांबीची, नळीसारखी पोकळ दांडी असलेली, जुन्या दाराच्या खटक्याची चावी. ‘हात लावू नये’ अशी पाटी होती आणि त्या पाटीच्या उंचीवरच्या सर्व चाव्या हात लागून लागून चकाकत होत्या. तशीच एक पोकळ दांडीची चावी आमच्या आईच्या डब्यात होती. गिरगावातली चाळ पाडली जाण्याआधी आम्ही खोली सोडून डोंबिवलीला आलो, तेव्हा आईने ती चावी मालकाला परत दिली नाही आणि मालकानेही मागितली नाही, कारण दारासह सगळे पडणारच होते. पुढे ती चावी तिने वर्षानुवर्षे जायफळ किसायच्या लहान किसणीशेजारी, त्याच डब्यात ठेवली. का, ते आम्ही विचारले नाही. भाचीने मला हलवून विचारले, ‘या सगळ्यांची कुलपं कुठं असतील रे?’ मी म्हणालो, ‘पुनर्विकासात गेली.’ तिला तो शब्द कळला नाही, आणि त्या वयात तो कळायची गरजही नाही.

तेवढ्यात गर्दीचा एक लोंढा मागून आला आणि कोणाचा तरी पाय माझ्या टाचेवर पडून उजव्या चपलेचा अंगठा तुटला. यंत्रावर रोज अंगठा टेकवून पोट भरणाऱ्या माणसाला चपलेच्या अंगठ्याचे महत्त्व तो तुटल्यावरच कळते. पाऊल फरफटत मी चौकाच्या टोकापर्यंत आलो, तर कोपऱ्यावर एक मोची बसलेला. चेहरा ओळखीचा वाटला. एरवी मी जातो त्या पदपथावर, बरेच अलीकडे तो बसतो. जागा का बदलली म्हणून विचारले, तेव्हा तो चप्पल उलटी करून पाहत म्हणाला, ‘साहेब, आत गर्दीत चप्पल तुटते, पण आत कोण थांबून शिवून घेणार? सगळी याच तोंडाने बाहेर येतात.’ एवढे बोलून त्याने मेण लावलेला दोरा आरीत अडकवला, जुना टाका रापीने उसवून काढला आणि पट्ट्यातून आरी खाली घालून पहिला टाका घेतला. पाच मिनिटे मी त्याच्या लाकडी खोक्यावर हात टेकून एका पायावर उभा होतो. बावीस वर्षांत त्या रस्त्यावर मी इतका वेळ एका जागी उभा राहिल्याचे मला आठवत नाही. कामाच्या दिवशी चप्पल तुटली असती, तर मी ती तशीच ओढत कचेरीत गेलो असतो.

तिथून समोर जहांगीर कलादालनाबाहेरचा पदपथ दिसत होता. १९५२ मध्ये सुरू झालेल्या त्या दालनाच्या भिंतींवर चित्र लागणे ही चित्रकारांची उमेद असते. बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणारे कलावंत मात्र वर्षभर तिथेच असतात, आणि मी त्यांना वर्षभर ओलांडतो. त्यांच्यातला एक जण एका तरुणाचे कोळशाने चित्र काढत होता. समोर बसलेल्या त्या तरुणाची अवस्था पाहण्यासारखी होती. खिशातला मोबाइल दोनदा थरथरला, दोन्ही वेळा त्याचा हात तिकडे गेला आणि दोन्ही वेळा चित्रकाराने मान न उचलता नुसते बोट उचलून त्याला जागेवर बसवले. हळूहळू त्याचे खांदे उतरले, जबडा सैल झाला आणि कागदावरचा चेहरा, जो आधी कोणाही पंचविशीतल्या माणसाचा वाटत होता, तो त्याचा दिसू लागला. भाचीला आपलेही चित्र काढून घ्यायचे होते, पण रांग मोठी होती आणि ती माझ्यासारखीच, म्हणजे आमच्या घराण्याला शोभेल अशी, रांगेला कंटाळणारी आहे.

खरा हेवा मला वाटला तो डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या सभासदांचा. १८७० मध्ये मालाडच्या पिवळसर दगडात बांधलेल्या या इमारतीच्या वरच्या व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत आणि त्यांवर पुस्तक छातीवर पालथे टाकून माणसे झोपतात, हे मी ऐकले होते. खालून जाताना मान वर करून कधी पाहिले नव्हते. शहराच्या इतक्या महागड्या जागेत दुपारची झोप घेण्याची सोय दीडशे वर्षे टिकून आहे, ही मला तिथल्या कोणत्याही मांडणीशिल्पापेक्षा मोठी कलाकृती वाटते.

सगळेच काही लोभस नव्हते. संध्याकाळी सहानंतर रेटारेटी वाढली, लहान मुले रडू लागली आणि शिल्पे पाहण्यापेक्षा शिल्पांसमोर स्वतःला उभे करण्याची घाई जास्त दिसू लागली. चाव्यांच्या घोड्यापुढे तर प्रत्येकाला अर्धे मिनिट मिळत होते आणि त्या अर्ध्या मिनिटात तोंड त्याच्याकडे नव्हे, पाठ त्याच्याकडे असे. रस्ता मोकळा करून दिला तरी आम्ही त्याचा डबा करतो, असे मनात आले. पण मग हेही आले की वर्षातून नऊ दिवस मिळणारी मोकळीक वापरण्याची सवय आम्हाला लागावी तरी कशी?

परतीच्या गाडीत मेगाब्लॉकच्या कृपेने उभे राहायलाही जेमतेम जागा मिळाली. एका बाईंनी सरकून भाचीला बसवून घेतले. दादर गेल्यावर ती पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली, ‘मामा, तुझ्या त्या रस्त्यावर झाडं किती आहेत रे?’ मी म्हणालो, ‘असतील बरीच.’ ‘बरीच म्हणजे किती?’ असे विचारून, उत्तराची वाट न पाहता ती झोपली.

दुसऱ्या दिवशी सोमवारी मी नेहमीच्या वेळेला तिथून निघालो. मांडव उतरवणे सुरू होते, बांबू टेम्पोत चढत होते, चाव्यांचा घोडा ताडपत्रीत गुंडाळून आडवा ठेवला होता आणि त्याचा एक पाय बाहेर राहिला होता. टॅक्स्या परत आल्या होत्या, मोची त्याच्या जुन्या जागेवर आला होता आणि त्याने माझ्या पायांकडे पाहून ओळखीची मान हलवली. यंत्रावर अंगठा टेकवायला अजून सात मिनिटे होती. मी रस्त्याच्या कडेला थांबलो आणि टोकापासून झाडे मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या झाडापर्यंत आलो असेन नसेन, तेवढ्यात पाठीवर एक बॅग आपटली आणि मागून आवाज आला, ‘चला की काका, रस्त्यात काय उभे राहता!’