ब्रुजमध्ये आई एका उशीपाशी अडकली

ब्रसेल्सहून ट्रेनने तासाभरात ब्रुज हे बेल्जियममधलं जुनं शहर येतं. बरेच लोक सकाळी येऊन संध्याकाळी परत जातात, आम्हीही तेच करणार होतो, पण आईच्या गुडघ्यांमुळे एक रात्र मुक्काम केला आणि फार बरं केलं. कारण दुपारी त्या रोझेनहूडकाईला, म्हणजे सगळ्या फोटोंत दिसणारं कॅनॉलचं वळण असतं ना तिथे, कठड्याला टेकायलाही जागा नव्हती, जो तो फोन वर धरून उभा. मला खरंच राग आला, इतकी सुंदर जागा आणि पाच मिनिटं शांतपणे बघता येऊ नये? चौकातल्या मनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या मी एकटी चढले, आई खाली गरम फ्राइज खात बसली.

मग आम्ही गर्दी सोडून बालस्ट्राटला लेसच्या केंद्रात गेलो. दुपारी तिथे बायका लेस करून दाखवतात. एक सत्तरीपुढची आजी बसली होती, समोर टणक उशी, त्यावर नक्षीचा कागद, कागदावर टाचण्यांचं रान आणि दोऱ्याने गुंडाळलेल्या कितीतरी लाकडी कांड्या. सुई नाही, हूक नाही. दोरा दोऱ्यावरून न्यायचा, पीळ द्यायचा, टाचणी खोचायची, की परत तेच, आणि कांड्या एकमेकींवर आपटून टिकटिक टिकटिक आवाज. आई जन्मभर क्रोशाची तोरणं करत आलीय, ती जी खुर्ची ओढून बसली ती उठेचना. आजींना इंग्रजी जेमतेम, आईला त्याहून कमी. आजींनी चार कांड्या आईच्या हातात दिल्या, आईचा पीळ उलटा पडला, तर त्यांनी तिची बोटं धरून तो सोडवला आणि पुन्हा करायला लावलं. बोटभर पट्टीला कित्येक तास लागतात म्हणे.

ही इमारत म्हणजे नन्सची जुनी लेसशाळा. ब्रुजला समुद्राशी जोडणारी झ्विनची खाडी गाळाने भरली, जहाजं यायची थांबली, व्यापार अँटवर्प बंदराकडे गेला आणि ब्रुज गरीब झालं. जुनं पाडून नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणूनही हे मध्ययुगीन शहर असं शिल्लक राहिलं, आणि त्याच गरिबीत एकोणिसाव्या शतकात इथल्या हजारो बायका-मुली तुटपुंज्या पैशांवर लेस विणत होत्या. हे कळल्यावर मला त्या देखण्या घरांकडे आधीसारखं बघता येईना.

बाजारातल्या दुकानात आईने एक रुमाल उचलला, उलटा केला, बोटाने चाचपला आणि म्हणाली, "मशीनचा आहे गं." विचारलं तर दुकानदार हो म्हणाला. घेतला नाही. हाताच्या लेसची किंमत आम्हाला झेपणारी नव्हती.

रात्री साडेनऊला त्याच कठड्यापाशी गेलो तर आम्ही दोघी आणि एक सायकलवाला, बस. पाणी काळंभोर, त्यात मनोरा उलटा. आई तिकडे बघतच नव्हती, पर्समधला दोरा काढून बोटांवर तो पीळ घालून बघत होती.